धूर दाखवायचा, अग्नी नाही

मागच्या व्याख्यानात आपण अनुपलब्धी या प्रमाणापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, की जमिनीवर घडा नाही हे कळायला वेगळं प्रमाण लागतं की नाही यावर कुमारिल आणि प्रभाकर यांचं पटलं नाही, हे समजलं; पण आज त्यावाचून कुणाचं काय अडलंय? प्रश्न रास्त आहे, आणि निवृत्त प्राध्यापकाला असा प्रश्न विचारणारं अजून कुणी आहे याचा आनंदही आहे. आज त्याचंच उत्तर देऊ. त्यासाठी मात्र जरा लांब, अमेरिकेत जावं लागेल. तिथल्या आदिवासी जमाती काही छोटी कार्यालयं चालवतात. त्यांचं रोजचं काम पाहिलं की वाटतं, ही मंडळी अनुपलब्धीचाच वाद टेबलावर घेऊन बसली आहेत.

आधी दोन मिनिटं उजळणी. 'भूतलावर घट नाही' हे आपल्याला कसं कळतं? भाट्ट मीमांसक म्हणतात, घट दिसत नाही यावरून. पण ते लगेच एक अट घालतात. नुसतं दिसत नाही एवढं पुरत नाही. असता तर दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून 'घडा नाही' असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. दिवा लावा, नीट बघा, मग बोला. ही योग्यानुपलब्धी. 'योग्य' म्हणजे इथं दिसण्याजोगं. हा एक शब्द तेवढा हाताशी ठेवा.

आता ती कार्यालयं. त्यांचं पूर्ण नाव ट्रायबल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफिस. इतकं लांबलचक नाव कोण घेणार? आद्याक्षरं जोडून तिथले लोक त्याला 'टिपो' म्हणतात. आपल्याला त्यात टिपण ऐकू येतं, आणि योगायोगानं अर्थही फार दूर नाही. अमेरिकेत १९६६ साली ऐतिहासिक वारसा जतनाचा एक कायदा झाला. त्याचं कलम १०६ असं, की केंद्र सरकार जे काम स्वतः करणार असेल, ज्याला पैसा देणार असेल किंवा परवाना देणार असेल, त्या कामाचा ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल याचा विचार आधी झाला पाहिजे. प्रत्येक राज्यात त्यासाठी एक जतन अधिकारी नेमला गेला. गंमत बघा, आदिवासींच्या राखीव जमिनीवर रस्ता निघाला तरी तिथं जपण्यासारखं काय आहे याबद्दल मत देणारा अधिकारी राज्याचा. जमात तिथं पिढ्यान् पिढ्या राहत होती, पण कागदावर तिला मत नव्हतं.

१९८८ साली एका खटल्यानं ही गोष्ट फार बोचरी करून दाखवली. उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात वनविभागाला एका लांब रस्त्याचा राहिलेला सहा मैलांचा तुकडा पुरा करायचा होता. युरोक, कारुक आणि टोलोवा या जमातींचे साधक त्या उंच भागात एकांतात जाऊन विधी करत. वनविभागानं स्वतः अभ्यास करवून घेतला. अभ्यासाचा निष्कर्ष निघाला की रस्ता करू नका, इथल्या धर्माचं भरून न येणारं नुकसान होईल. तरी वनविभागानं रस्त्याचाच निर्णय घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि पाच विरुद्ध तीन मतांनी जमाती हरल्या. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की नुकसान होईल हे मान्य केलं तरी सरकारला आपली जमीन वापरण्यापासून राज्यघटना अडवत नाही. (तो रस्ता पुढं झाला नाही. संसदेनं १९९० साली त्या भागाला वेगळं संरक्षण दिलं.)

चार वर्षांनी, १९९२ साली, जतन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात दोन गोष्टी होत्या. जमातीची इच्छा असेल तर तिच्या जमिनीपुरतं राज्याच्या जतन अधिकाऱ्याचं काम तिनं स्वतःकडे घ्यावं. आणि जमिनीची मालकी कुणाचीही असो, एखाद्या स्थळाला जमात धार्मिक किंवा सांस्कृतिक महत्त्व देत असेल तर सरकारी खात्यानं तिचा सल्ला घेतलाच पाहिजे. १९९६ मध्ये पहिल्या १२ जमातींनी अशी कार्यालयं सुरू केली. आज ती २०० हून अधिक आहेत. मान्यताप्राप्त जमाती ५७० च्या वर आहेत, म्हणजे निम्म्यांहून अधिक जमातींकडे अजून असं कार्यालय नाही.

दुसरी तरतूद किती दूरवर पोचते ते पाहण्यासारखं आहे. चॉक्टॉ लोकांना १८३० च्या तहानंतर मिसिसिपीतून उठवून पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, पाठवण्यात आलं. त्यांचं कार्यालय ओक्लाहोमात आहे, पण पूर्वजांच्या कबरी मिसिसिपीच्या मातीत. म्हणून मिसिसिपीत कुठं रुंदीकरण निघालं की कागद शेकडो मैल प्रवास करून ओक्लाहोमातल्या टेबलावर येतो. उठवलेल्या माणसाला निदान विचारलं तरी जातं. धरणाखाली गेलेल्या आपल्याकडच्या गावांतल्या मंडळींना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि टेबलावर येतं काय? मोबाईलचे मनोरे, सांडपाण्याच्या वाहिन्या, पूल, सरकारी कर्जातून व्हायची घरं. मनोऱ्यांच्या सूचना तर इतक्या येतात की त्यांच्यासाठी एक स्वतंत्र संगणकीय यंत्रणा आहे. २०१८ साली तिथल्या दळणवळण आयोगानं लहान मनोऱ्यांना या तपासणीतून वगळायचं ठरवलं. जमाती न्यायालयात गेल्या आणि २०१९ साली ती सूट रद्द झाली. बहुतेक पत्रांना उत्तर एका ओळीचं असतं : आमची हरकत नाही, खोदताना काही सापडलं तर काम थांबवा आणि कळवा. काही ठिकाणी मात्र कार्यालयाचा माणूस जेसीबीच्या शेजारी उन्हात दिवसभर उभा राहतो आणि फावड्यातून पडणाऱ्या मातीकडे बघत राहतो. या कामात नाट्य फार थोडं. पण घड्याळ असतं. ठराविक टप्प्यांवर उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर खात्याला पुढं जाता येतं. मौनं संमतिलक्षणम्! हे सुभाषित तिथल्या नियमावलीत शिरलेलं पाहून आम्ही थोडे दचकलोच. कार्यालयात एकदोन माणसं, पत्रांचा ढीग, आणि प्रत्येक पत्राखाली एक घड्याळ टिकटिकतंय.

इथवर हा कारभाराचा प्रश्न झाला. माणसं वाढवा, सुटेल. खरी अडचण याच्या पलीकडे आहे आणि ती मौनाचीच आहे.

न्यू मेक्सिकोत अल्बुकर्की शहराच्या ईशान्येला सँडिया पर्वत आहेत. सँडिया म्हणजे स्पॅनिशमध्ये कलिंगड. त्या पर्वतात लास वेर्तास नावाची एक दरी आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वनविभागानं तिथला रस्ता सुधारायचा आणि सहलीच्या जागा वाढवायच्या असं ठरवलं. सँडिया प्वेब्लोच्या लोकांचं त्या दरीत पिढ्यान् पिढ्या जाणं-येणं. विधींसाठी झाडांच्या फांद्या तिथून आणायच्या, औषधी वनस्पती तिथून, आणि काही जागा अशा की जिथं जाऊन करायचं ते करायचं आणि परत यायचं. वनविभागानं कायद्याप्रमाणे पत्रं पाठवली. तुमची पवित्र स्थळं कोणती, तिथं काय करता, केव्हा करता, मोठ्या प्रमाणावरच्या नकाशात दाखवून द्या. जमातींकडून असा तपशील काही आला नाही. वनविभागानं नोंद केली की माहिती मिळाली नाही, सबब दरीत संरक्षणयोग्य पारंपरिक स्थळं नाहीत.

घडा दिसला नाही, सबब घडा नाही.

१९९५ साली अपील न्यायालयानं हा निष्कर्ष मोडून काढला. दोन कारणं दिली. एक, नुसती पत्रं पाठवून माहिती मागणं म्हणजे वाजवी प्रयत्न नव्हे, विशेषतः हे लोक आपल्या धर्माबद्दल बाहेरच्यांशी बोलत नाहीत हे वनविभागाला आधीच माहीत असताना. दोन, जमातीच्या एका वृद्धानं आणि एका मानववंशशास्त्रज्ञानं प्रतिज्ञापत्रं दिली होती, दरीत लोक जातात एवढं त्यात स्पष्ट होतं. ती वनविभागानं राज्याच्या जतन अधिकाऱ्याला वेळेवर दाखवलीच नाहीत. न्यायाधीशांनी मीमांसा वाचलेली असण्याचं कारण नाही. पण त्यांनी म्हटलं ते अगदी भाट्टांचं म्हणणं : जिथं असतं तरी सांगितलं गेलं नसतं, तिथं न सांगण्यावरून नसणं सिद्ध होत नाही. ती अनुपलब्धी योग्य नव्हती.

इथं एक आमचीच गोष्ट सांगून टाकतो. पन्नास वर्षांपूर्वी, विद्यार्थिदशेत, लोकसाहित्यावर काम करणाऱ्या एका मित्राबरोबर आम्ही नगरकडच्या एका खेड्यात गेलो होतो. खांद्यावर उसना टेपरेकॉर्डर. एक म्हातारे गृहस्थ दोन तास सगळं सांगत होते, आणि एका विधीपाशी आल्यावर म्हणाले, "हे नाही सांगायचं, बाबांनो. चहा घ्या." आम्ही चहा घेतला. संध्याकाळी वहीत त्या विधीपुढं आम्ही आमच्या हातानं लिहिलं : 'माहिती उपलब्ध नाही.' प्रमाणशास्त्राचे विद्यार्थी होतो आम्ही! त्यांना माहिती होती, ती त्यांनी आम्हाला द्यायची नव्हती, आणि ते कारणासकट तोंडावर सांगितलं होतं. वहीत मात्र विधीच अंधुक ठरला. ती वही पुढं दुसऱ्यांनी वापरली असेल तर त्यांना काय वाटलं असेल?

मौन इतकं घट्ट का असतं, हेही समजून घेतलं पाहिजे. प्वेब्लो लोकांवर स्पॅनिश मिशनऱ्यांपासून विसाव्या शतकातल्या अमेरिकन अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांनी विधी बंद करण्याची सक्ती केली. बोलणं म्हणजे धोका, हे त्यांनी अनुभवातून शिकून घेतलं. पण भीती हे एकच कारण नाही. ज्ञानाला अधिकार लागतो ही कल्पना आपल्याला परकी नाही. मंत्र कानात सांगतात, ध्वनिक्षेपकावरून सांगत नाहीत. होपी लोकांत एका कुळाचं ज्ञान दुसऱ्या कुळाला नसतं, असावं अशी अपेक्षाही नसते. म्हणजे कार्यालयातला अधिकारी जमातीचाच असला तरी त्यालाही सगळं जाणून घ्यायचा अधिकार नाही! म्हणून होपी आणि झुनी यांच्या कार्यालयांनी वडीलधाऱ्यांची सल्लागार मंडळं नेमली. अधिकारी त्यांना घेऊन प्रकल्पाच्या जागी जातो. वडीलधारी हिंडतात, आपसात आपल्या भाषेत बोलतात, आणि अधिकाऱ्याला तेवढंच सांगतात जेवढं कागदावर जायला हरकत नाही. होपींचा त्यासाठी एक सुंदर शब्द आहे, इताकुकू, आपली पावलं. पडकी घरं, खापरं, खडकावरची चित्रं ही पूर्वज इथून गेले त्याची पावलं. पाऊल दाखवता येतं. चालणारा कशासाठी चालला होता ते सांगायलाच हवं असं नाही.

न्यायशास्त्रातलं डोंगरावरच्या धुराचं अनुमान तुम्हाला पाठ आहे. ही कार्यालयं नेमकं ते करतात : धूर दाखवतात, अग्नी दाखवत नाहीत. सरकारला कळायला हवं की इथं काहीतरी आहे, रस्ता थोडा सरकवा. काय आहे, ते कळायची गरज नाही. नकाशावर बिंदू द्यायचा नाही, बिंदू कुठंतरी पोटात असेल असं मोठं वर्तुळ द्यायचं. कायद्याचंही त्याला थोडं पाठबळ आहे. स्थळाचा ठावठिकाणा जाहीर केल्यानं नुकसान होणार असेल तर तो गुप्त ठेवता येतो. तरीही सरकारी फाईल ती सरकारी फाईल. एकदा तिच्यात गेलेलं पुन्हा न सांगितलेलं होत नाही. म्हणून काही जमाती तपशील स्वतःच्या कार्यालयाबाहेर जाऊच देत नाहीत.

तुमच्यापैकी काहींच्या मनात एक शंका असणार, आणि ती टाळणं बरोबर नाही. न सांगता मान्य करायचं म्हटलं तर उद्या कुणीही उठेल आणि कुठल्याही टेकडीला पवित्र म्हणेल. मग विहिरी कुणी खणायच्या, रस्ते कुणी करायचे? शंका खोटी नाही. पण धूर हा धूरच आहे की धुकं, हे तपासता येतं. जुन्या पायवाटा असतात, शंभर वर्षांपूर्वीच्या प्रवाशांच्या नोंदी असतात, शेजारच्या जमातींची साक्ष असते. आणि बोलणारा आप्त आहे का, हा जुना प्रश्न असतोच. त्या अधिकाऱ्याला उद्या आपल्याच वडीलधाऱ्यांपुढं उभं राहायचं असतं. दर पत्राला 'पवित्र' असं उत्तर देणाऱ्याच्या शब्दाची किंमत वर्षभरात शून्य होईल. म्हणून तर बहुतेक उत्तरं 'हरकत नाही' अशीच जातात.

झुनींच्या खाऱ्या तळ्याचं उदाहरण घ्या. झुनी गावापासून दक्षिणेला साधारण ६० मैलांवर हे तळं आहे. मीठमाता त्यात राहते असं झुनी मानतात, आणि केवळ झुनीच नव्हे, आसपासच्या अनेक जमाती मिठासाठी तिथं येत आल्या. त्या परिसरात शस्त्रं बाजूला ठेवायची, हा संकेत. तळ्यापासून काही मैलांवर कोळशाची खाण काढायचा ॲरिझोनातल्या एका वीज कंपनीचा बेत होता. खाणीला भूजल उपसावं लागणार, तळं आटण्याची भीती. झुनींनी इथं तळ्याचं माहात्म्य उघड सांगितलं, पायवाटा दाखवल्या, पाण्याचा शास्त्रीय हिशेब मांडला. विधी सांगितले नाहीत. सरकारी परवाने तरीही मिळाले. विरोध वर्षानुवर्षं चालू राहिला आणि ऑगस्ट २००३ मध्ये कंपनीनं खाण सोडून दिली. याचं सगळं श्रेय कायद्याला देणं भाबडेपणाचं होईल. कलम १०६ कोणतंच काम थांबवू शकत नाही, ते फक्त ऐकायला भाग पाडतं. ऐकायला लागणारा वेळ कधीकधी बोलणाऱ्याच्या बाजूनं जातो, एवढंच.

आणि कधीकधी जात नाही. २०१६ सालचं स्टँडिंग रॉकचं प्रकरण तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. नॉर्थ डाकोटातून जाणारी तेलवाहिनी, लांबी हजार मैलांहून अधिक, पण बहुतेक जमीन खासगी. केंद्राच्या परवान्याचा प्रश्न मुख्यतः नदी ओलांडण्याच्या जागांपुरता. जमातीचं म्हणणं, सगळी वाट बघा. लष्कराच्या अभियंता दलाचं म्हणणं, आमच्या अखत्यारीत ओलांडण्याची जागा, तेवढीच बघू. टिम मेंट्झ हे स्टँडिंग रॉकचे पहिले जतन अधिकारी, १९९६ च्या पहिल्या तुकडीतले. जमीनमालकाच्या परवानगीनं त्यांनी वाटेतला एक भाग पायी पाहिला, आणि तिथल्या दगडांच्या मांडण्या आणि कबरींबद्दलचं त्यांचं निवेदन २ सप्टेंबरला न्यायालयात दाखल झालं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याच भागावर बुलडोझर फिरले. ९ सप्टेंबरला न्यायाधीशांनी स्थगिती नाकारली. दलानं जमातीशी संपर्काचे पुष्कळ प्रयत्न केल्याचं त्यांनी नोंदवलं. राज्याच्या पुरातत्त्वज्ञांनी नंतर पाहणी करून मानवी अवशेष आढळले नाहीत असं कळवलं.

नांगर फिरल्यानंतर नेलेला दिवा, आणि तो धरणारा डोळा कोणता? पुरातत्त्वज्ञाला जिथं हिमनदीनं टाकलेले गोटे दिसतात, तिथं मेंट्झ यांना सप्तर्षींची आकृती दिसते, आणि ती मोठ्या माणसाच्या कबरीपाशीच मांडतात हे त्यांना परंपरेनं ठाऊक असतं. पुरातत्त्वज्ञ खोटं बोलत होते असं आम्ही म्हणत नाही. दगड दोघांनाही दिसले होते. 'योग्य' कुणाच्या डोळ्याला, हा प्रश्न कुमारिलांनी विचारला नव्हता, कारण घडा सगळ्यांना सारखाच दिसतो.

आपल्याकडचं काय, असं कुणीतरी विचारेलच. ओडिशातल्या नियमगिरीबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं की डोंगरावरच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवा. १२ ग्रामसभा झाल्या, बाराही खाणीच्या विरोधात गेल्या. अमेरिकेतल्या जमातीकडं एवढी ताकद नाही. तिचा फक्त सल्ला घेतात. उलट आपल्याकडं असं कायमचं कार्यालय नाही, रोजच्या पत्राला उत्तर देणारा माणूस नाही. डोंगर वाचवायला दरवेळी आंदोलन उभं राहावं लागतं, आणि डोंगरिया कोंधांना आपला देव जिल्हा न्यायाधीशांसमोर बोलून दाखवावा लागला.

जाता जाता पैशाचं सांगतो, कारण मघाशी एक चिठ्ठी आली आहे. या कार्यालयांना केंद्राकडून जे अनुदान मिळतं ते १९७६ साली स्थापन झालेल्या जतन निधीतून, आणि त्या निधीत पैसा येतो समुद्रातल्या तेल आणि वायूच्या भाडेपट्ट्यांतून. हो, तेलातून. म्हणजे तेलवाहिनीच्या वाटेवरचे दगड पाहायला जाणाऱ्या माणसाच्या पगारातही थोडं तेल असतंच. कार्यालयं १२ वरून २०० वर गेली, अनुदान त्या मानानं वाढलं नाही, म्हणून वाटा लहान होत गेला. चिठ्ठीत असंही विचारलंय की सरकारनं घड्याळ ३० ऐवजी ६० दिवसांचं केलं तर? बरं होईल, पण मौनाचा अर्थ संमती असाच राहिला तर एकसष्टाव्या दिवशी तेच.

वेळ संपली आहे. पुढच्या वेळी अर्थापत्ती घेऊ. दिवसा न जेवणारा लठ्ठ देवदत्त घरून डोक्यात घेऊन या.